लष्करी प्रशिक्षण अधिक खडतर करावे काय?

(बी. ए. भाग २)

गेल्या वर्षी आपल्या महाविद्यालयाच्या वक्तृत्व स्पर्धेत हाच विषय होता. मी विषयाच्या बाजूने बोललो. सैनिकाला फुलांच्या पायघड्या नकोत, काट्यांची वाट हवी, असे काहीसे बोलून टाळ्या मिळवल्या आणि दुसरा क्रमांकही मिळवला. प्रमाणपत्र घेऊन जुन्या शहरातल्या घरी आलो, तेव्हा माझा मोठा भाऊ दारात बसला होता. त्याने प्रमाणपत्र वाचले, मला भाषण पुन्हा म्हणून दाखवायला लावले आणि शेवटी एवढेच विचारले, "तू चांगलं बोलला लेका. पन मी काय मनानं हारलो होतो काय?"

या प्रश्नाचे उत्तर मला तेव्हा देता आले नाही. प्रस्तुत लेख हा ते उत्तर शोधण्याचा प्रयत्न आहे. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारा मी पहिलाच. लष्करात तर कोणीच गेलेले नाही. तेव्हा या विषयावर लिहिण्याचा माझा अधिकार मर्यादित आहे हे मी जाणतो. परंतु यंदा मी स्वतः अग्निवीर भरतीच्या परीक्षेला बसणार आहे, म्हणून हा प्रश्न माझ्यापुरता केवळ वक्तृत्वाचा राहिलेला नाही.

प्रथम, आज प्रशिक्षण कसे आहे ते पाहू. १४ जून २०२२ रोजी केंद्र सरकारने अग्निपथ योजना जाहीर केली. या योजनेत तरुणाची भरती चार वर्षांसाठी होते आणि त्यानंतर २५ टक्क्यांपर्यंत अग्निवीरांना कायम सेवेत घेतले जाते. आधी संगणकावर लेखी परीक्षा, मग मैदानी चाचणी, मग वैद्यकीय तपासणी असा क्रम आहे. मैदानी चाचणीत १६०० मीटर अंतर साडेपाच मिनिटांत पार केल्यास ६० गुण आणि दहा पुलअप्स काढल्यास ४० गुण मिळतात. नऊ फुटांचा खंदक ओलांडावा लागतो आणि नागमोडी अरुंद फळीवरून तोल सांभाळत चालावे लागते. निवड झालेला मुलगा मग प्रशिक्षण केंद्रात जातो. मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र बेळगावला, महार रेजिमेंटचे मध्य प्रदेशात सागरला, तोफखान्याचे नाशिक रोडला आहे. सैन्यदलात अग्निवीराचे प्रशिक्षण सुमारे ३१ आठवड्यांचे असते. त्यातले पहिले दहा आठवडे मूलभूत व उरलेले प्रगत प्रशिक्षणाचे. पूर्वी हा काळ यापेक्षा लांब होता. कवायत, शस्त्र हाताळणे, नेमबाजी, नकाशावाचन, प्रथमोपचार, पाठीवर ओझे घेऊन कूच, दोरावर चढणे आणि युद्धसाहित्यासह पाच किलोमीटर धावणे हे सर्व या काळात शिकवले जाते. चुकणाऱ्याला जी जादा मेहनत करावी लागते तिला जवानांच्या भाषेत 'रगडा' म्हणतात. वादाचा मुद्दा हा की, हा रगडा वाढवावा काय?

वाढवावा असे म्हणणाऱ्यांची बाजू दुबळी नाही, हे आधी मान्य केले पाहिजे. युद्धात शत्रू आपली सोय पाहत नाही. १९९९ साली कारगिलमध्ये आपल्या जवानांनी सोळा-सतरा हजार फुटांवरचे कडे रात्रीच्या अंधारात, पाठीवर दारूगोळा घेऊन, वरून गोळीबार होत असताना चढले. १५ जून २०२० रोजी गलवान खोऱ्यात बंदुकीची गोळी न सुटता हातघाईची झुंज झाली आणि आपले वीस सैनिक धारातीर्थी पडले. अशा जागी जो माणूस उभा राहायचा, त्याला थंडी, भूक, जागरण आणि भीती यांची ओळख आधीच झालेली असली पाहिजे. ती ओळख रणांगणावर प्रथमच झाली तर किंमत प्राणाची असते. शिवाय एकत्र सोसलेल्या कष्टांतून माणसे जोडली जातात. याचे उदाहरण शोधायला अकोलेकराला दूर जावे लागत नाही. श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी गांधीग्रामहून पूर्णेचे पाणी कावडीने आणून राजराजेश्वराला अभिषेक करतात. सतरा-अठरा किलोमीटर अनवाणी चालायचे, खांद्यावर पाण्याने भरलेल्या भरण्यांचे ओझे. मी दोन वर्षे कावडीला खांदा दिला आहे. खांदा सोलून निघतो हे खरे; पण ज्यांच्याबरोबर तो सोलून निघाला, त्यांच्याशी जडलेले नाते वर्षभर टिकते हेही तितकेच खरे.

असे असताना आक्षेप कुठे येतो? माझ्या मते 'खडतर' या एका शब्दात आपण तीन वेगवेगळे अर्थ कोंबतो आणि गोंधळ तिथेच होतो. पहिला अर्थ, प्रशिक्षणाच्या शेवटी गाठायची पातळी उंच असणे. दुसरा अर्थ, प्रशिक्षण प्रत्यक्ष युद्धाच्या परिस्थितीशी मिळतेजुळते असणे. तिसरा अर्थ, शिकणाऱ्याला अधिकाधिक त्रास होणे; म्हणजे तहान, अपमान, अपुरी झोप, दुखण्याकडे दुर्लक्ष. पहिल्या दोन अर्थांनी प्रशिक्षण जितके खडतर होईल तितके चांगले. परंतु सर्वसाधारण माणूस, आणि गेल्या वर्षीचा मीसुद्धा, टाळ्या वाजवतो त्या बहुधा तिसऱ्या अर्थासाठी.

तिसरा अर्थ कुठे नेतो याची उदाहरणे जगात पुष्कळ आहेत. अमेरिकेच्या मरीन दलाचे पॅरिस आयलंड हे केंद्र कडक शिस्तीसाठी प्रसिद्ध. तेथे ८ एप्रिल १९५६ च्या रात्री एका प्रशिक्षकाने शिस्त लावण्यासाठी आपल्या तुकडीला रिबन क्रीक नावाच्या खाडीच्या पाण्यात उतरवले. सहा तरुण बुडून मेले. त्यांच्यापैकी एकानेही शत्रू पाहिला नव्हता. ब्रिटनमध्ये जुलै २०१३ मध्ये ब्रेकन बीकन्स या डोंगराळ भागात विशेष दलाच्या निवडीसाठी सुमारे २६ किलोमीटरची कूच ठेवली होती. उन्हाने तीन राखीव सैनिक मरण पावले. त्या दिवशीचे तापमान तिशीच्या आतबाहेर होते. आपल्याकडे एवढ्याला कोणी ऊनही म्हणणार नाही. पुढील चौकशीत असे दिसले की, उष्णतेसंबंधीचे नियम कागदावर होते, पण मैदानावर जबाबदार असणाऱ्यांना त्यांची माहिती नव्हती. आपल्या महाराष्ट्रातही जून २०१४ मध्ये मुंबईत पोलीस भरतीच्या पाच किलोमीटर धावण्यात काही उमेदवारांनी प्राण गमावले. त्यानंतर ते अंतर तीन किलोमीटर करण्यात आले. २०२४ साली झारखंडात उत्पादन शुल्क शिपायांच्या भरतीत दहा किलोमीटर धावताना दहाहून अधिक उमेदवार मृत्युमुखी पडले. ही मुले नोकरीसाठी धावत होती. थांबलो तर घरी काय सांगू, या विचाराने शरीराची हाक त्यांनी ऐकली नसेल, असे मला वाटते. गरिबाच्या मुलाला थांबता येत नाही. म्हणून त्याला कोठे थांबवायचे हे दुसऱ्या कोणाला तरी ठाऊक असले पाहिजे.

उष्णतेचा मुद्दा आपल्या वऱ्हाडासाठी विशेष महत्त्वाचा आहे. मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ अंशांवर जातो आणि आपल्याला त्याचा एक प्रकारचा अभिमानही वाटतो. परंतु पारा ही अर्धीच गोष्ट आहे. माणसाचे शरीर घामाने थंड होते. म्हणजे घाम येऊन नव्हे, तर घाम वाळून. आपल्या घरचा कूलर मे महिन्यात गार हवा देतो आणि पाऊस सुरू झाला की तोच कूलर नुसता ओलावा फेकतो, हा अनुभव प्रत्येकाचा आहे. हवेत आधीच बाष्प असले की पाणी वाळत नाही. शरीराचेही तसेच. म्हणून जुलैतले दमट ३५ अंश धावणाऱ्याला मेच्या कोरड्या ४० अंशांहून घातक ठरू शकतात. पॅरिस आयलंडवर उन्हाने फार तरुण आजारी पडू लागले, तेव्हा याग्लू आणि मिनार्ड या संशोधकांनी ओल्या फडक्याचा तापमापक, उन्हातला काळा गोल आणि साधा तापमापक यांची वाचने एकत्र करून एक निर्देशांक सिद्ध केला व १९५७ साली प्रसिद्ध केला. या आकड्यानुसार निशाण लागते आणि निशाणाच्या रंगानुसार मेहनत कमी-जास्त केली जाते. शरीराला उन्हाची सवय लागायला दहा ते चौदा दिवस लागतात, हेही आता सर्वमान्य आहे. हे ज्ञान ज्या केंद्रात जन्माला आले ते जगातल्या सर्वात कडक केंद्रांपैकी एक आहे, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

थंडीचा व उंचीचा धडा आपल्या सैन्याने १९६२ साली फार महाग किमतीला घेतला. मैदानी प्रदेशातून थेट हिमालयात नेलेले जवान, अंगावर पुरेसे गरम कपडे नाहीत, विरळ हवेची सवय नाही. त्यांच्या धैर्यात काही कमी नव्हते. पण फुप्फुसात पाणी भरू लागले की धैर्य कामाला येत नाही. आज उंचावर जाणाऱ्या जवानाला ठरलेल्या टप्प्यांनी नेतात: नऊ ते बारा हजार फुटांवर सहा दिवस, बारा ते पंधरा हजारांवर चार दिवस आणि त्याहून वर आणखी चार दिवस. या चौदा दिवसांना कोणी लाड म्हणत नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये सियाचीनमध्ये कर्तव्यावर असताना आपल्या शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यातील एका अग्निवीराला मरण आले. त्या एका मृत्यूवरून प्रशिक्षणाविषयी निष्कर्ष काढणे योग्य नव्हे आणि मी तो काढत नाही. परंतु वऱ्हाडातल्या काळ्या मातीतला मुलगा आज थेट बर्फात उभा राहतो, एवढे त्यावरून निश्चित कळते. त्याला तिथे पाठवण्यापूर्वी जे जे शिकवता येईल ते शिकवणे आपले कर्तव्य आहे.

आता माझ्या भावाकडे येतो. तीन वर्षांपूर्वी तो वीस वर्षांचा होता. भरतीला दोन महिने उरले होते. एका खाजगी प्रशिक्षकाकडे त्याने फी भरली. पहिल्याच पंधरवड्यात तो रोज दहा किलोमीटर डांबरी रस्त्यावर धावू लागला, तेही झिजलेल्या बुटांनी. सकाळी चहा आणि पोहे, दुपारी वडिलांच्या भात्यावर काम, रात्री अभ्यास. झोप जेमतेम चार तास. तिसऱ्या आठवड्यात उजवी नडगी दुखू लागली. त्याला सांगण्यात आले की दुखणे मनाचे असते, पळपुट्यालाच ते जाणवते. तो पळपुटा नव्हता, म्हणून धावत राहिला. पहिल्या एक्स-रेमध्ये काही दिसले नाही, तेव्हा तर त्याला स्वतःचीच शरम वाटली. आणखी तीन आठवड्यांनी हाडाला बारीक तडा दिसला. मैदानी चाचणीच्या दिवशी पाय प्लास्टरमध्ये होता. आज त्याचे भरतीचे वय निघून गेले आहे.

या दुखण्याविषयी मी वाचनालयात आणि इतरत्र जे मिळाले ते वाचले. मेहनतीने हृदय आणि फुप्फुसे काही आठवड्यांत तयार होतात. हाड मात्र सावकाश तयार होते. नवा भार पडला की शरीर हाडाचा जुना भाग आधी काढून टाकते आणि मग तिथे नवा भरते. मधल्या काळात हाड पूर्वीपेक्षा कच्चे असते. नेमक्या याच काळात, दम वाढला म्हणून, आपण भार वाढवतो. इस्रायली सैन्यातील २९५ नव्या जवानांचा अभ्यास १९८५ साली प्रसिद्ध झाला. त्यांच्यापैकी ३१ टक्के जणांना प्रशिक्षणात असे तडे गेले होते. पुढे त्या सैन्याने किमान सहा तासांची झोप सक्तीची केली आणि कूच करण्याचे एकूण अंतर आवरले, तेव्हा हे प्रमाण निम्म्याहून अधिक खाली आले. इस्रायलचे सैन्य नाजूक आहे असे कोणीही म्हणणार नाही.

आमचे वडील लोहारकाम करतात. विळे, कुऱ्हाडी, वखराच्या पासा बनवतात. मी त्यांना हा लेख लिहीत असल्याचे सांगितले, तेव्हा ते म्हणाले, "पात्याले पानी देनं हे ताकतीचं काम नाही, नजरेचं काम हाये. जास्त तापवलं का पातं कडक होते, पन पयल्या घावाले तुकडा उडते." लोखंड तापवल्याशिवाय धार येत नाही, हे ते जाणतात, ते तर आयुष्यभर तापवीतच आले आहेत. पण तापवलेले पाते केव्हा बाहेर काढायचे, हे ज्याला कळत नाही त्याच्या हाती ते भाता देत नाहीत. आखाड्यातला वस्तादही नव्या पोराला पहिल्या दिवशी हजार जोर काढायला लावत नाही. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९१४ पासून वऱ्हाडात व्यायामाची परंपरा वाढवली आणि १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी आपले देशी खेळ जगाला दाखवले. व्यायाम ही शिकण्याची व शिकवण्याची विद्या आहे, हा विचार आपल्या मातीत नवा नाही.

येथे कोणी विचारील की, असे जपून वाढवलेले सैनिक ऐन वेळी टिकतील काय? याला इतिहासातून एक उत्तर देतो, आणि ते आपल्याच जिल्ह्यातले आहे. २९ नोव्हेंबर १८०३ रोजी तेल्हारा तालुक्यातल्या अडगावजवळ इंग्रज व मराठे यांची लढाई झाली. मराठ्यांच्या तोफा सुरू होताच इंग्रजांच्या बाजूच्या तीन देशी पलटणी उधळल्या आणि मागे पळत सुटल्या. याच फौजेने दोनच महिन्यांपूर्वी, २३ सप्टेंबरला, असईला याहून भयंकर तोफखान्यासमोर टिकाव धरला होता. सेनापती वेलस्ली जवळच होता. त्याने त्यांना थोपवले, आडोशाला नेऊन पुन्हा रांगा लावल्या आणि परत आघाडीवर आणले. लढाई इंग्रजांनी जिंकली. आपण तिथे नसतो तर दिवस हातचा गेला असता, असे त्याने नंतर लिहिले. आपल्या पराभवाची ही कथा सांगताना मला आनंद होत नाही; पण तिच्यातला धडा सोडता येत नाही. तीच माणसे एके दिवशी पळाली आणि त्याच दिवशी परत लढली. त्यांची छाती तासाभरात रुंद झाली नव्हती. आपली जागा कोणती, रांग कशी धरायची, आणि जो आपल्याला हाक मारतो त्याच्यावर विश्वास ठेवायचा की नाही, हे त्यांना शिकलेले होते म्हणून ते परत फिरले. ज्या उस्तादाने केवळ अपमान केला, त्याच्या हाकेला कोण परत फिरेल?

रिबन क्रीकनंतर मरीन दलाने काय केले, हेही पाहण्यासारखे आहे. त्यांनी प्रशिक्षण सोपे केले नाही. त्यांनी प्रशिक्षकांची निवड कडक केली, त्यांच्यावर देखरेख वाढवली, आणि प्रशिक्षण कोठे संपते व छळ कोठे सुरू होतो याची रेषा आखली. उलट १९९६ साली त्यांनी शेवटच्या टप्प्यात ५४ तासांची एक कठीण परीक्षा घातली; तिच्यात झोप थोडी, अन्न थोडे आणि सर्व कामे तुकडीने मिळून करायची. फरक एवढाच की ती परीक्षा शेवटी येते, तयारी झाल्यावर. पहिल्या आठवड्यात नव्हे.

तेव्हा मूळ प्रश्नाचे माझे उत्तर असे. लष्करी प्रशिक्षण अधिक खडतर करावे. परंतु ते शेवटाकडे खडतर असावे, आरंभाला नव्हे. पातळी उंच ठेवावी आणि पायऱ्या अधिक बांधाव्यात. रात्रीची कूच, डोंगर, नेमबाजी, जखमी साथीदाराला उचलून आणणे, या गोष्टी वाढवाव्यात. पाणी, झोप आणि दुखण्याची तपासणी या गोष्टींत काटकसर करू नये. ३१ आठवडे थोडे पडत असतील तर आठवडे वाढवावेत. मुलाच्या हाडांकडून ते वसूल करू नयेत. आणि केंद्रात पोचण्यापूर्वी खेड्यापाड्यांत व जुन्या शहरासारख्या वस्त्यांत जी हजारो मुले कोणाच्याही देखरेखीविना धावत आहेत, त्यांच्यासाठी महाविद्यालयांनी व एन. सी. सी. ने सकाळचे दोन तास द्यावेत. आपल्या महाविद्यालयाचे मैदान त्या वेळी रिकामेच असते. प्राध्यापकवर्गाने याचा विचार करावा, ही नम्र विनंती.

मी रोज पहाटे धावतो. भाऊ मोर्णेच्या पुलावर घड्याळ घेऊन उभा असतो. त्याने मला पहिले तीन आठवडे दोन किलोमीटरच्या पुढे जाऊ दिले नाही. मी चिडलो तरी नाही. आता सोळाशे मीटरला मला पाच मिनिटे पन्नास सेकंद लागतात. अजून वीस सेकंद कमी करायचे आहेत. गेल्या आठवड्यात नडगी थोडी दुखली, तेव्हा त्याने मला चार दिवस घरी बसवले आणि रोज स्वतः अंगठ्याने दाबून पाहिले.

त्याच्या प्रश्नाचे उत्तर मी आता देऊ शकतो. नाही दादा, तू मनाने हरला नव्हतास. तुला थांब म्हणणारे कोणी नव्हते.